हिमोग्लोबिन नऊ आलंय, म्हणून बीट?

"हिमोग्लोबिन नऊ आलंय" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचा शब्द हमखास येतो: बीट. पाठोपाठ डाळिंब, खजूर, जेवणानंतर गुळाचा खडा आणि पालकाचं सूप. दोन महिने हे सगळं नेमाने चालतं, पुन्हा रक्त तपासलं जातं आणि आकडा येतो नऊ पूर्णांक दोन. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिच्या मेलीच्या काही अंगालाच लागत नाही."

हे म्हणणं बरंचसं खरं आहे. फक्त दोष "हिचा" नसतो. आपल्या जेवणातलं लोह मुळातच अंगाला फार कमी लागतं. आपण ताटात काय वाढलं ते बघतो, त्यातलं आतड्याच्या भिंतीपलीकडे किती गेलं ते बघत नाही.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया असल्याचं आढळलं. आधीच्या फेरीत हा आकडा ५३ टक्के होता. महाराष्ट्रात तो ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेला. पुरुषांमध्ये देशभरात २५ टक्के. सुबत्ता वाढली, मोबाइल आले, रस्ते झाले आणि हा आकडा मात्र उलट्या दिशेने सरकला.

रिपोर्टातला आकडा काय सांगतो?

आपल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. फुप्फुसात आलेला ऑक्सिजन पकडायचा आणि स्नायू, मेंदू, हृदय यांना पोचवायचा, हे त्याचं काम. ऑक्सिजन ज्याला चिकटतो तो कण असतो लोहाचा, म्हणून लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. बाईच्या रक्तात ते डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा, पुरुषाच्या रक्तात १३ पेक्षा आणि गरोदरपणात साधारण ११ पेक्षा कमी असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात.

हा आकडा हळूहळू उतरला तर शरीर सवय करून घेतं, आणि तिथेच फसगत होते. आठ हिमोग्लोबिन घेऊन लोकलने ये-जा करणाऱ्या, दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकणाऱ्या बायका डॉक्टरांना रोज भेटतात. दोन जिने चढल्यावर धाप लागते, संध्याकाळी पाय ओढत चालावं लागतं, केस गळतात, पण "वय झालं आता" म्हणून ते सोडून दिलं जातं. आणखी एक लक्षण आपल्याकडे डोहाळे समजून हसण्यावारी नेलं जातं: भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ सारखा खावासा वाटणं. चोरून पेन्सिल खाणाऱ्या मुलीला रागावण्यापेक्षा तिचं रक्त तपासावं.

लोह जमा कसं होतं आणि जातं कुठे?

शरीर लोहाशी जसं वागतं तसं आपण घरातल्या सोन्याशी वागतो. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, एखाद्या अंगठीएवढं. त्यातलं जवळजवळ दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये म्हणजे रोजच्या वापरातल्या दागिन्यांत, आणि बाकीचं बरंचसं तिजोरीत. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती जुनी झाली की मोडीत काढली जाते, तिच्यातलं लोह काढून घेतलं जातं आणि अस्थिमज्जेत त्याचीच नवी पेशी घडते. रोजच्या नव्या पेशींना २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि ते जवळजवळ सगळं या मोडीतूनच येतं. बाहेरून नवी खरेदी असते फक्त एक-दोन मिलिग्रॅमची.

तिजोरीत किती शिल्लक आहे ते फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतं. हिमोग्लोबिन म्हणजे अंगावरचे दागिने. तिजोरी पार रिकामी झाली तरी काही दिवस अंगावरचे दागिने जसेच्या तसे दिसतात. म्हणून हिमोग्लोबिन बारा-साडेबारा आणि फेरिटिन आठ असा रिपोर्ट येऊ शकतो, आणि त्या बाईचा थकवा खराच असतो. उलट अंगात ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. त्यामुळे या आकड्याचा अर्थ डॉक्टरांनी लावलेला बरा.

जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. त्यामुळे सगळं नियंत्रण आत घेतानाच ठेवलेलं आहे. यकृत हेपसिडिन नावाचं एक संप्रेरक तयार करतं. ते वाढलं की आतड्यातून लोह आत येण्याचा मार्ग आवळला जातो, कमी झालं की मोकळा होतो. हे नाव लक्षात असू द्या, गोळ्यांचा विषय निघेल तेव्हा लागेल.

लोह बाहेर जातं ते मुख्यतः रक्तावाटे. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह. ज्यांना ८० मिलिलिटरच्या वर जातं, गाठी पडतात, पॅड दर तासा-दोन तासांनी बदलावं लागतं, त्यांची तिजोरी भरण्याआधीच रिकामी होते. गरोदरपणात बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त मिळून सुमारे एक ग्रॅम लोह लागतं. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर पहिल्याची भरपाई होण्याआधी दुसरं सुरू होतं. मुलांमध्ये अंकुशकृमी (हूकवर्म) हे जंत आतड्याला चिकटून थेंबथेंब रक्त पितात. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी दिली जाते, तिचं एक कारण हे आहे.

ताटात २९ मिलिग्रॅम, रक्तात किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईने दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह खायला हवं, पुरुषाने १९. खरी गरज एक-दोन मिलिग्रॅमची असताना खायचं २९ का? कारण आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातलं जेमतेम ८ टक्के लोह शोषलं जाईल असं गृहीत धरलेलं आहे. उरलेलं ९२ टक्के जसं आलं तसं निघून जातं.

लोहाचे दोन प्रकार असतात. मटण, कलेजी, मासे, कोंबडी यांत त्यातलं काही लोह प्राण्याच्या रक्त-स्नायूंतल्या तयार स्वरूपात असतं आणि ते आतड्यातून सहज आत जातं. धान्य, डाळी, पालेभाज्या, गूळ, खजूर यांतलं लोह वेगळ्या स्वरूपात असतं आणि त्याला वाटेत अडवणारे बरेच. सर्वांत मोठा अडवणारा म्हणजे फायटेट. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्याच्या दाण्यात हे द्रव्य असतं आणि ते लोहाला धरून बसतं. दुसरे चहा-कॉफीतली तुरट द्रव्यं. तिसरं कॅल्शियम, म्हणजे दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या.

मदत करणारे दोनच, पण जोरदार. एक 'क' जीवनसत्त्व आणि दुसरं म्हणजे त्याच जेवणात असलेलं थोडंसं मांस किंवा मासा.

आता सकाळची कांदेपोह्यांची बशी घ्या. साध्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅम लोह असतं, पोह्यांत मात्र साडेचारच्या आसपास, कारण पोहे लोखंडी यंत्रात कांडले जातात आणि त्याचा अंश उतरतो. वर आपण लिंबू पिळतो, तेही गॅस बंद केल्यावर, म्हणजे 'क' जीवनसत्त्व उष्णतेने जात नाही. कोथिंबीर असते. इथपर्यंत आपल्या आज्या-पणज्यांनी पोषणशास्त्राची पदवी घेतल्यासारखं सगळं जमवलंय. आणि मग बशीशेजारी वाफाळता चहा येतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याच्याही खाली आणू शकतो. लिंबाने जे मिळवलं ते पहिल्या दोन घोटांत गेलं. चहा सोडा असं मी महाराष्ट्रात कुणाला सांगणार नाही. पोहे आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ लोह वाचतं. आधी चहा घेणाऱ्यांनी पोहे तासाभराने खावेत, इतकंच.

मोड आणण्याची आपली पद्धत तर फारच कामाची. मटकीत १०० ग्रॅममागे जवळजवळ आठ मिलिग्रॅम लोह असतं, पण कोरड्या दाण्यात फायटेटही भरपूर. मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की दाणा स्वतःच उगवण्यासाठी फायटेट मोडून टाकतो आणि नव्याने 'क' जीवनसत्त्व तयार करतो. त्या उसळीवर ताटात आल्यावर लिंबू पिळलं की साध्या वरणापेक्षा कितीतरी जास्त लोह पदरात पडतं. पीठ आंबवण्याचा फायदाही असाच, म्हणून आंबोळी, धिरडी, इडली जमेच्या बाजूला. लिंबापेक्षा आवळा आणि पेरू 'क' जीवनसत्त्वात कितीतरी पुढे आहेत. जेवणाबरोबर पेरूची फोड किंवा कच्च्या आवळ्याची कोशिंबीर असेल तर उत्तमच.

बाजरीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती इथेच तपासली गेली आहे. साध्या बाजरीतही १०० ग्रॅममागे सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह असतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाबरोबर 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं जास्त लोहाचं वाण काढलं. त्याचा खरंच उपयोग होतो का हे पाहण्यासाठी ग्रामीण महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर अभ्यास झाला. काहींना या बाजरीची भाकरी दोन्ही वेळच्या जेवणात दिली, काहींना नेहमीच्या बाजरीची. काही महिन्यांनी धनशक्ती खाणाऱ्या मुलांचं फेरिटिन जास्त वाढलं, आणि ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं त्यांच्यात फरक अधिक ठळक होता. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध नाही, गोळी नाही, रोजची भाकरीच. फक्त पीठ वेगळं.

मग पालक, बीट, गूळ यांत काहीच नाही?

बीटमध्ये १०० ग्रॅममागे पाऊण मिलिग्रॅम लोह असतं, डाळिंबात त्याच्याही निम्मं. रंग लाल म्हणून रक्त वाढतं ही समजूत दिसायला छान आहे, पण त्या हिशेबाने टोमॅटोनेही वाढायला हवं होतं. गुळात १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं खरं, पण जेवणानंतरचा खडा असतो दहा ग्रॅमचा. त्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि त्यातलं शोषलं जाणार आणखी कमी. लोहासाठी म्हणून मूठमूठ गूळ खाल्ला तर आधी साखर वाढेल.

पालकात लोह आहे, पण ते अडकून बसलेलं. तरीही पालकावर अन्याय नको, कारण रक्त बनायला फक्त लोह पुरत नाही. फॉलेट आणि बी-१२ ही दोन जीवनसत्त्वंही लागतात, आणि फॉलेटच्या शोधाचा एक मोठा धागा मुंबईतून जातो.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास चालू होता. गिरणी कामगारांच्या घरातल्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता. पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत आणि अनेक बायका दगावत. विल्सने त्यांचं जेवण, घर, परिस्थिती यांची बारकाईने नोंद केली आणि आजाराचं मूळ आहारात आहे हे ओळखलं. १९३१ मध्ये तिने प्रसिद्ध केलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, या बायका बऱ्या होतात. त्यात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते द्रव्य वेगळं काढलं, चार टन पालकातून. तेच फॉलिक ॲसिड. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला ते असतं. म्हणजे पालक खावा, पण ज्याचं श्रेय त्याला द्यावं.

"आजीच्या काळी कुठे होत्या गोळ्या?"

हा आक्षेप ठरलेला असतो, आणि त्यात तथ्य आहे. आजी बाजरी-ज्वारीची भाकरी खायची. भाजी लोखंडी कढईत व्हायची, आणि चिंच-आमसूल घातलेला आंबट पदार्थ लोखंडात शिजला की त्यात लोह उतरतं. आता भाकरीची जागा बऱ्याच घरांत पांढऱ्या भाताने आणि मैद्याने घेतली, कढई नॉनस्टिकची आली. शिवाय आजी दिवसभर राबायची, त्यामुळे खायचीही जास्त, आणि जास्त अन्न म्हणजे जास्त लोह. आज आपण बसून काम करतो, वजन वाढेल म्हणून दीड पोळी खातो. दीड पोळीतून २९ मिलिग्रॅम काढायचं म्हणजे अवघडच.

पण जुन्या काळाची ही एकच बाजू झाली. त्याच काळात मुंबईत बाळंतपणात इतक्या बायका मरत होत्या की त्याची चौकशी करायला परदेशातून डॉक्टर बोलवावी लागली. ज्या आज्या जगल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई तेव्हाही होती. ती आजही आहे.

शाकाहारामुळे होतं का हे?

थोडं, पण सगळं नाही. पश्चिम बंगालात मासा रोजच्या जेवणातला, तरी तिथल्या ७१ टक्के बायकांना त्याच पाचव्या सर्वेक्षणात रक्तक्षय आढळला. गोव्यात हाच आकडा ३९. दोन्हीकडे मासे खातात, म्हणजे माशांपलीकडेही काहीतरी आहे: किती खाल्लं, किती वेळा, कुणाच्या वाट्याला आलं, बाळंतपणं किती, जंत किती. रविवारी आठ माणसांत एक किलो मटण आणि त्यातलं बाईच्या ताटात दोन फोडी, याला मांसाहार म्हणता येईल, पण लोहाच्या हिशेबात त्याने फार काही हलत नाही.

शाकाहाराची खरी अडचण बी-१२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध-दही-ताकात थोडं असतं, पण पाणी घातलेल्या कपभर दुधाने भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी सापडलं, फॉलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. पुढे असंही दिसलं की ज्या मातांचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये मधुमेहाकडे नेणारी लक्षणं अधिक. बी-१२ कमी असेल तर लोहाच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी रक्त पुरतं भरून येत नाही, आणि हातापायांना मुंग्या, विसराळूपणा हे वेगळंच सुरू राहतं. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की लोह आणि बी-१२ दोन्हींचं शोषण मंदावतं.

रेशनच्या तांदळातले ते "प्लास्टिकचे" दाणे

गावोगावी याचे व्हिडिओ फिरतात. तांदूळ धुवायला घेतला की काही दाणे वर तरंगतात, थोडे पिवळसर दिसतात, चावले तर वेगळे लागतात. लोक ते निवडून फेकून देतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेला तो तांदूळ आहे. शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. मिसळल्यावर किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं असं मानक आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी सरकारी योजनांमधून असा तांदूळ देण्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतची मंजुरी दिली. हे दाणे निवडून फेकू नयेत, आणि भात भरपूर पाण्यात शिजवून पेजही ओतून देऊ नये, त्यात जीवनसत्त्वं निघून जातात.

यावरचा खरा आक्षेप प्लास्टिकचा नाही, तो वेगळा आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक आजारांतही हिमोग्लोबिन कमी असतं, पण त्याचं कारण लोहाची कमतरता नसते. उलट वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या शरीरात लोह साठून अपाय होतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि तिथे सरसकट लोह वाटण्याबद्दल डॉक्टरांनी व्यक्त केलेली काळजी रास्त आहे. माझं मत विचाराल तर एकट्या तांदळाच्या भरवशावर राहणं चूकच. भातात लोह घालायचं आणि ताटातून बाजरी, मटकी, अंडं गायब होऊ द्यायचं, हा व्यवहार उलटा आहे.

आकडे फुगवलेले तर नाहीत?

शंका बरोबर आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्त घेतात, त्यात चूक होऊ शकते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा लहान मुलांमधलं प्रमाण ४१ टक्के आलं. त्याच सुमाराच्या कुटुंब सर्वेक्षणात ते ५८ टक्क्यांच्या वर होतं. भारतीयांसाठी १२ ची रेषा जरा वरच आखलेली आहे, असंही काही संशोधकांचं म्हणणं आहे. पण ४१ टक्के हाही काही निश्चिंत होण्यासारखा आकडा नाही.

गोळी सुरू केली, पण…

अन्नाने तिजोरी भरलेली राहते. ती एकदा रिकामी झाली की नुसत्या अन्नाने भरायला फार काळ लागतो, आणि आठ-नऊ हिमोग्लोबिन असताना तेवढा वेळ नसतो. म्हणून गोळी. गरोदरपणात सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती १८० दिवस घ्यायची असते. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते.

गोळ्या अर्ध्यावर सुटतात त्या मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळ्या शौचामुळे. शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मळमळीवर मात्र उपाय आहे आणि इथे हेपसिडिन परत येतं. लोहाची मोठी मात्रा घेतली की पुढचे चोवीस तास हेपसिडिन वाढलेलं राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते आणि आतड्यात नुसतीच खळखळ करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोह कमी असलेल्या तरुण बायकांना एक दिवसाआड गोळी दिली, तेव्हा प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं. म्हणून ज्यांना रोजची गोळी सोसत नाही त्यांनी ती बंद करण्याऐवजी "एक दिवसाआड चालेल का?" एवढं डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईने मात्र आपल्या मनाने बदल करू नये.

गोळी चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नको. कॅल्शियम दुपारी आणि लोह रात्री, असं वाटून घेता येतं. लिंबूपाण्याबरोबर उत्तम. हिमोग्लोबिन बारा झालं की बहुतेक जण गोळी थांबवतात, पण तेव्हा फक्त अंगावरचे दागिने परत आलेले असतात. तिजोरी भरायला त्यापुढे साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा नऊ.

महिनाभर नेमाने गोळी घेऊनही आकडा एक ग्रॅमनेसुद्धा वाढला नाही, तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका. बी-१२, थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा आतड्यांचा आजार यांची तपासणी करून घ्या. आणि साठीच्या बाबांचं किंवा पाळी थांबलेल्या आईचं लोह कमी आलं, तर आधी रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं. मूळव्याध, पोटातला व्रण, सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठराला झालेली इजा, आणि कधीकधी मोठ्या आतड्याचा कर्करोग. अशा वेळी टॉनिकची बाटली आणून मोकळं होऊ नये, पोटाच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.